नेम

वीसेक वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका फिल्म सोसायटीच्या खेळाला मी 'ल सामुराई' पहिल्यांदा पाहिला, आणि त्या दिवशी सबटायटल्स लावायची राहून गेली होती. गंमत अशी, की पहिली नऊ-दहा मिनिटे ही चूक सभागृहात कुणाच्याच ध्यानात आली नाही. पडद्यावर एक माणूस पलंगावर पडून सिगारेट ओढत होता. मग तो उठला, कोट चढवला, आरशासमोर हॅट घातली, रस्त्यावर येऊन एक मोटार चोरली, ती एका गॅरेजात नेली, नंबरप्लेट बदलून घेतली, रिव्हॉल्व्हर घेतले, पैसे मोजले, आणि एवढे सगळे होईपर्यंत कुणी कुणाशी अवाक्षर बोलले नाही. पुढे एका घरी एका तरुणीने 'जेफ?' असे विचारले, तेव्हा त्याचेही भाषांतर कुणाला लागले नाही. तिची पुढची दोन-तीन वाक्ये झाल्यावर मात्र खुर्च्या करकरू लागल्या, मागून कुणी तरी ओरडले, आणि लॅपटॉपपाशी बसलेल्या मुलाने खेळ थांबवून हवी ती फाइल शोधली. पुन्हा पहिल्यापासून लावू का, असे त्याने ओशाळून विचारले, तर पुढच्या रांगेतले एक काका मान न वळवता म्हणाले, "कशाला? अजून कुणी बोललंय कुठे?" सगळे हसले आणि खेळ तिथूनच पुढे सुरू झाला. मला मात्र तो खरोखरच पहिल्यापासून हवा होता, कारण त्या मुक्या दहा मिनिटांत जे दिसले होते ते पुन्हा पाहावे अशी तेव्हाच ओढ लागली होती.

चित्रपट १९६७ सालचा, दिग्दर्शक ज्याँ-पिएर मेलव्हिल यांचा. जेफ कॉस्टेलो या मारेकऱ्याची भूमिका आलँ दलों यांची आहे, ज्यांना आपल्याकडचे जुने सिनेरसिक अजूनही अ‍ॅलन डेलॉनच म्हणतात आणि ते ऐकायलाही बरे वाटते. कथा दोन ओळींत मावते. पॅरिसमधल्या एका नाइट क्लबच्या मालकाला मारण्याचे काम जेफ घेतो आणि चोख पार पाडतो, पण खोलीतून बाहेर पडताना क्लबमधली पियानोवादक त्याला समोरासमोर पाहते. पोलीस त्याला पकडतात, पुराव्याअभावी सोडतात, आणि पोलिसांनी ज्याला एकदा उचलले तो आपल्याला अडचणीत आणणार, या भीतीने काम देणारेच त्याच्या जिवावर उठतात. (पुढे शेवटाबद्दलही लिहिणार आहे. पंचावन्नहून अधिक वर्षांच्या चित्रपटाचे रहस्य राखण्याची जबाबदारी माझ्यावर नसावी.)

मराठीत 'नेम' हा मोठा सोयीचा शब्द आहे. लहानपणी अंगणात गोट्या खेळताना आम्ही नेम धरायचो आणि तो बहुतेक वेळा चुकायचा. घरात आजोबांचा नेम असायचा: ठरल्या वेळी स्नान, ठरल्या क्रमाने पूजा, मग कोट आणि काळी टोपी, आणि दाराबाहेर पाऊल टाकण्यापूर्वी आरशात पाहून टोपीच्या कडेवरून फिरवलेली दोन बोटे. ते कुठेही निघालेले असोत, अगदी कोपऱ्यावरच्या दुकानात का असेना, ही बोटे चुकत नसत, आणि त्या वेळी त्यांच्याशी कुणी बोलायचे नाही हे घरात सर्वांना न सांगता कळत असे. शिवाय पावसाचा नेम नाही, माणसाचा नेम नाही, हे आजीच्या तोंडी रोजचे असायचे. नेम धरणे, नेम पाळणे आणि नेम नसणे, या तिन्हींना एकच शब्द पुरतो. जेफ आरशासमोर उभा राहून हॅटच्या कडेवरून सावकाश बोटे फिरवतो, तेव्हा त्या खुर्चीत बसून मला आजोबा आठवले, आणि एका सुपारी घेणाऱ्या खुन्याने आजोबांची आठवण द्यावी याची थोडी लाजही वाटली. पण तेव्हापासून हा चित्रपट मी या शब्दातूनच पाहत आलो आहे. ज्याचा नेम चुकत नाही अशा माणसाची ही गोष्ट आहे असे वरवर दिसते. खरे तर ती ज्याने नेम सोडला नाही अशा माणसाची आहे.

पहिल्या दृश्याकडे पुन्हा एकदा नीट पाहायला हवे. करड्या भिंतींची अर्धवट अंधारी खोली, दोन उंच खिडक्या, मधल्या टेबलावर पिंजरा, पिंजऱ्यात एक पक्षी. पलंगावर कुणी आहे हे आधी कळतच नाही; अंधारातून धुराचा लोट वर येतो तेव्हा तिथे माणूस असल्याचा उलगडा होतो. शनिवार, ४ एप्रिल, संध्याकाळचे सहा, एवढी अक्षरे उमटतात आणि पक्षी एका सुरात चिवचिवत राहतो. मग कॅमेरा काही तरी विचित्र करतो. कॅमेरा मागे नेणे आणि भिंगाने चित्र जवळ ओढणे या दोन उलट क्रिया मेलव्हिल एकत्र करतात, पण सलग न करता मध्ये मध्ये थांबून, त्यामुळे खोली श्वास घेतल्यासारखी ताणली जाते आणि थबकते. या माणसाचे मन ठिकाणावर नाही हे सांगण्यासाठी आपण असे केले, असे त्यांनी पुढे सांगितले आहे. मला ते वेडापेक्षा डोळे मिटण्यापूर्वीच्या क्षणासारखे वाटते, जेव्हा ओळखीचे छतही क्षणभर दूर गेल्यासारखे भासते. कपाटावर पाण्याच्या बाटल्यांची आणि सिगारेटच्या पाकिटांची रांग लावलेली असते. पाणी, सिगारेटी आणि पक्षी, एवढाच त्या माणसाचा संसार.

रंगीत फिल्म वापरून कृष्णधवलाच्या जितके जवळ जाता येईल तितके जायचे, असा मेलव्हिल यांचा प्रयत्न होता आणि छायाचित्रकार आँरी दकाए यांनी तो पार पाडला. करडा, राखी, मळकट निळा, फिकट पांढरा. पावसाने भिजलेल्या पॅरिसमध्ये एखादा लाल दिवा दिसला तर तोही आगाऊ वाटतो.

आता किल्ल्या. रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या सित्रोएन डीएस मोटारीत जेफ शांतपणे जाऊन बसतो. (ही दोन अक्षरे फ्रेंचमध्ये जोडून उच्चारली की 'देवी' असा शब्द होतो, ज्यांनी गाडीला हे नाव दिले त्यांना ते ठाऊक असणारच.) खिशातून तो एका मोठ्या कडीत ओवलेला किल्ल्यांचा जुडगा काढतो आणि शेजारच्या सीटवर पसरून ठेवतो. एक किल्ली घेतो, लावून पाहतो, गाडी दाद देत नाही, ती किल्ली बाजूला सारतो आणि पुढची घेतो. पाहण्यासारखी गोष्ट ही, की त्याची नजर या काळात समोरच्या काचेवरून ढळत नाही. काचेवरून पावसाचे ओघळ उतरत असतात, त्यांच्यामागे तो चेहरा असतो, आणि हात आपले काम करत असतात. कुणी आले तर काय, मालक पाहील तर काय, अशी धाकधूक आपल्याला वाटते, त्याला नाही. एखादा कुशल चोर तारा जोडून दोन क्षणांत गाडी सुरू करील. हा मात्र जपमाळेचे मणी ओढावेत तशी एकेक किल्ली ओढतो, कारण जुडग्यातली एक तरी लागणारच आहे आणि घाई केल्याने ती लवकर लागणार नाही. इंजिन सुरू होते तेव्हाही चेहऱ्यावर सुटकेचे चिन्ह नाही. पुढे सिग्नलला शेजारच्या गाडीतली एक देखणी स्त्री त्याच्याकडे पाहून हसते. तो तिच्याकडे पाहतो आणि पुन्हा मान समोर वळवतो.

चित्रपटाच्या उत्तरार्धात हाच प्रसंग जवळपास तसाच पुन्हा येतो: तोच जुडगा, तशीच गाडी, तेच गॅरेज. फरक एवढाच, की पहिल्या वेळी मुका राहिलेला मेकॅनिक या वेळी बोलतो. हे शेवटचे, असे तो बजावतो, आणि जेफ ते मान्य करतो. दुसऱ्यांदा पाहताना या साध्या व्यवहाराच्या बोलण्याने अंगावर काटा येतो. आणि मध्ये आणखी एक जुडगा येतो, जो पहिल्या वेळी माझ्या नजरेतून सुटला होता. जेफ घरी नसताना त्याच्या खोलीत आवाज टिपणारे यंत्र बसवायला दोन पोलीस येतात, आणि त्यांच्याकडेही अगदी तसाच किल्ल्यांचा जुडगा असतो. तेही त्याच संथपणे एकेक किल्ली त्याच्या दाराला लावून पाहतात. चोर आणि पोलीस एकाच धंद्याचे, असे संवादातून सांगणारे चित्रपट पुष्कळ आहेत. मेलव्हिल ते एका कडीतून सांगतात.

जे आमच्या सभागृहाला दहा मिनिटांनीही कळले नव्हते ते दलोंना साडेसात मिनिटांत कळले होते. मेलव्हिल यांनी एका दीर्घ मुलाखतीत सांगितलेला किस्सा असा, की ते दलोंच्या घरी पटकथा वाचून दाखवत होते आणि दलों मान खाली घालून ऐकत होते. मध्येच त्यांनी घड्याळाकडे पाहिले आणि म्हणाले, की साडेसात मिनिटे झाली, अजून एकही संवाद नाही, एवढे मला पुरे आहे, मी हा चित्रपट करतो. मग त्यांनी नाव विचारले आणि ते ऐकल्यावर काही न बोलता मेलव्हिल यांना आपल्या झोपायच्या खोलीत नेले. तिथे भिंतीवर सामुराईची शस्त्रे टांगलेली होती. किस्सा थोडा रंगवलेला असेल. मेलव्हिल यांना रंगवून सांगण्याचे वावडे नव्हते, याचा पुरावा चित्रपटाच्या पहिल्याच चौकटीत आहे. सामुराईच्या एकांताहून मोठा एकांत नाही, असलाच तर जंगलातल्या वाघाचा, अशा अर्थाचे एक वचन तिथे झळकते आणि खाली 'बुशिदो' असा ग्रंथाचा हवाला दिलेला असतो. ते वचन कुठल्याही ग्रंथात नाही. मेलव्हिल यांनीच ते रचले. तुकोबांच्या नावावर खपवलेले क्षेपक अभंग आपण ओळखतो, पण इथे क्षेपक इतका चांगला जमला आहे, की मूळ सापडले नाही तरी तक्रार करावीशी वाटत नाही.

खोट्या नावाचे तर मेलव्हिल स्वतःच उदाहरण होते. १९१७ साली पॅरिसमध्ये एका ज्यू कुटुंबात जन्मलेल्या या माणसाचे आडनाव ग्रुम्बाख. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांविरुद्धच्या भूमिगत प्रतिकारात काम करताना त्यांनी आपल्या आवडत्या अमेरिकन कादंबरीकाराचे, हर्मन मेलव्हिलचे नाव घेतले आणि युद्ध संपल्यावरही ते टाकले नाही. भूमिगत चळवळीवरचा त्यांचा चित्रपट 'ल सामुराई'नंतर दोनच वर्षांनी आला, आणि दोन्ही पाठोपाठ पाहिले तर माणसे एकाच शाळेत शिकलेली वाटतात. वेळ पाळायची, कमी बोलायचे, सोबत्याला जरुरीपेक्षा अधिक सांगायचे नाही, आणि घराबाहेर पडताना परत येण्याची खात्री धरायची नाही. जेफला ही शिस्त कुठून लागली हे चित्रपट सांगत नाही. त्याच्या दिग्दर्शकाला ती कुठून लागली हे मात्र आपल्याला ठाऊक आहे. फरक हा, की भूमिगतांच्या नेमामागे देश होता. जेफच्या नेमामागे नेमाशिवाय काहीच नाही.

मला सर्वांत आवडणारा प्रसंग पोलीस ठाण्यातला आहे. खुनाच्या रात्री शहरभरातून उचलून आणलेली कोट-हॅटवाली माणसे ओळखपरेडीला उभी आहेत, आणि जेफने आपला बचाव आधीच रचून ठेवला आहे: खुनाच्या वेळी आपण जेन या तरुणीच्या घरी होतो. जेनचा दुसरा मित्र, वीनर नावाचा प्रतिष्ठित गृहस्थ, तिच्या घरी येताना दारात जेफला पाहतो. म्हणजे जो त्याचा मत्सर करणार, तोच त्याचा साक्षीदार. फ्रांस्वा पेरिए यांनी रंगवलेला कमिशनर हुशार आहे. तो जेफचा कोट एकाला आणि हॅट दुसऱ्याला घालायला लावतो, जेफच्या अंगावर तिसऱ्याचेच कपडे चढवतो, आणि मग वीनरला विचारतो, की तुम्ही पाहिलेला माणूस यांत आहे का. वीनर क्षणभर पाहतो आणि एकाचा कोट, दुसऱ्याची हॅट आणि जेफचा चेहरा अशी तीन माणसांतून एका माणसाची जुळणी करून दाखवतो. कमिशनरने टाकलेला पेच त्याच्याच गळ्यात पडतो. पण माझ्या मनात राहते ती त्याआधीची काही क्षणांची गोष्ट. जेफचा कोट दुसऱ्याच्या अंगावर गेला की समोर उरतो तो एक बराच तरुण, काहीसा केविलवाणा माणूस. दाराबाहेर पडताना बोटांनी हॅटची कड सारखी करणे ही ऐट नव्हती, हे तेव्हा कळते.

मेट्रोतल्या पाठलागाबद्दल इतरांनी पुष्कळ लिहिले आहे, म्हणून मी थोडक्यात आटोपतो. तेलेग्राफ, प्लास दे फेत, जूर्दें, शातले. पॅरिसच्या ईशान्येकडून मध्यावर येणाऱ्या मार्गावर साध्या वेशातले पोलीस जागोजाग पेरलेले, आणि कमिशनरच्या कचेरीत मेट्रोच्या नकाशावर लुकलुकणारे दिवे. आजच्या मोबाइलच्या काळात ते दिवे खेळण्यातले वाटतात. तरी वेगाने चालणारा एकटा माणूस आणि त्याच्यामागे आपण चालत नसल्यासारखे चालणारी माणसे, यातला ताण जराही शिळा झालेला नाही.

पक्ष्याविषयी मात्र थांबून लिहायला हवे. आवाज टिपणारे यंत्र बसवून पोलीस निघून जातात, आणि जेफ घरी येतो तेव्हा पक्षी पिंजऱ्यात फडफडत असतो, आजूबाजूला पिसे पडलेली असतात. जेफ पिंजऱ्यासमोर उभा राहतो, पाहतो, आणि खोलीत कुणी परके येऊन गेले हे ओळखतो. मग तो भिंती, कोपरे, पडदे चाचपत ते यंत्र शोधून बंद करतो. संपूर्ण चित्रपटात कुणी त्याच्याशी आडपडदा न ठेवता काही सांगितले असेल तर ते या मुक्या जिवाने. १९६७च्या जूनअखेर, चित्रण चालू असतानाच, पॅरिसच्या तेराव्या विभागातला जेनेर रस्त्यावरचा मेलव्हिल यांचा स्टुडिओ आगीत भस्म झाला. हा माणूस त्याच स्टुडिओच्या वर राहत असे, त्यामुळे कार्यशाळा आणि घर दोन्ही एकदम गेले. आगीत माणूस कुणी दगावले नाही; गेला तो हा पक्षी. उरलेले काम दुसरीकडे पुरे करण्यात आले. हे वाचल्यापासून पहिल्या दृश्यातली ती एकसुरी चिवचिव मला पूर्वीसारखी ऐकता येत नाही.

या चित्रपटात मला न पटणारेही आहे. जेनकडे वाट पाहण्याखेरीज काम नाही, आणि नाताली दलों यांच्यासारखा जिवंत चेहरा त्या वाट पाहण्यात वाया जातो. पियानोवादक व्हॅलेरी, म्हणजे काती रोझिए, ही जेफचे मरणच आहे आणि तो त्या मरणाच्याच प्रेमात पडतो, असे मेलव्हिल म्हणत असत. मला हे जरा जास्त झाले असे वाटते. ठाण्यात तिने त्याला ओळखूनही ओळख दिली नाही, यामागे धन्याचा हुकूम होता की आणखी काही, हे चित्रपट उघडे ठेवतो, आणि ते तसे राहण्यातच तिची शान आहे. तिला मरणाचे रूपक केले की ती माणूस उरत नाही. अमेरिकेत हा चित्रपट १९७२ साली इंग्रजी आवाज चढवून 'द गॉडसन' या नावाने लावला होता, 'गॉडफादर'च्या लाटेवर स्वार होण्यासाठी. ज्यात बोलणेच मोजके त्याला आवाज चढवण्याची हौस पाहून हसू येते.

१८ ऑगस्ट २०२४ रोजी दलों गेले, अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी. त्या रात्री घरातले सगळे झोपल्यावर मी हा चित्रपट पुन्हा लावला, आणि मुद्दाम सबटायटल्स बंद ठेवून पाहिला. आता संवाद पाठच आहेत, आणि ते आहेत तरी किती. क्लबचा मालक विचारतो, आपण कोण. उत्तर येते, त्याला महत्त्व नाही. काय हवे आहे. तुम्हाला मारायचे आहे. पुढे गोळी. शेवटी याच क्लबमध्ये जेफ परत येतो. त्याला दुसरे काम मिळालेले असते, पैसेही पोचलेले असतात, आणि ते काम आहे व्हॅलेरीला संपवण्याचे. आपल्याकडे तमाशाच्या फडाने सुपारी घेतली की पाऊस असो, घरात मयत असो, खेळ लावावाच लागतो. खुनाच्या धंद्याने हा शब्द उचलला तो नंतर. व्हॅलेरी पियानोवरून मान वर करून विचारते, "का, जेफ?" तो सांगतो, की मला त्याचे पैसे मिळालेत. बंदूक तिच्यावर रोखलेली, हातात ते पांढरे हातमोजे, जे तो या वेळी सर्वांदेखत, अगदी सावकाश घालतो. दबा धरून बसलेले पोलीस गोळ्या झाडतात आणि तो तिथेच कोसळतो. आम्ही नसतो तर तुम्ही वाचला नसता, असे एक पोलीस तिला सांगतो, तेव्हा कमिशनर जेफचे रिव्हॉल्व्हर उघडून दाखवतो. आत एकही गोळी नसते.

पण हे त्याने घरूनच ठरवले होते हे कळायला कमिशनरची गरज नाही. क्लबमध्ये शिरताना तो कपडे ठेवण्याच्या खिडकीशी थांबतो, डोक्यावरची हॅट काढतो आणि तिथल्या मुलीच्या हवाली करतो. ती नेमाप्रमाणे त्याला बिल्ला देते. तो बिल्ल्याकडे पाहतो, आणि बिल्ला लाकडी फळीवर तसाच ठेवून आत जातो.